सेफ्टी ऑफिसरचं पोट

माझा नवरा दत्तप्रसाद इथे बहरीनमध्ये मआमीरजवळच्या एका फॅब्रिकेशन कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. रोज सकाळी सहाला तो तीनशे माणसांना उन्हात उभं करून सांगतो की लेबल वाचल्याशिवाय कुठल्याही डब्याला हात लावू नका, शंका आली तर विचारा, विचारण्यात लाज कसली. हे भाषण मला घरीही ऐकावं लागतं, फिनाइलची बाटली उघडताना.

कंपनीच्या गेटवर एक बोर्ड आहे, अपघाताविना किती दिवस गेले ते सांगणारा. मे महिन्यात तो आकडा हजाराच्या जवळ आला. हजार भरले की हेड ऑफिसचे मोठे साहेब येणार, दत्ताला शील्ड मिळणार आणि शील्डपाठोपाठ मॅनेजरची खुर्ची. तीन वर्षं आमच्या घरात सकाळी देवाआधी त्या आकड्याची चौकशी होत होती.

आणि समारंभ चार दिवसांवर आला असताना आमच्या साहेबांचं पोट साफ होईना. बाथरूममधून बाहेर येताना चेहरा असा की घरात सुतक आहे असं वाटावं. मी म्हटलं, "खाली जाऊन अल्फियाला विचार."

अल्फिया रत्नागिरीची. उम्म अल हस्सममधल्या आमच्या बिल्डिंगखालीच तिची फार्मसी आहे आणि औषध देताना ती सगळं नीट मराठीत समजावून सांगते. तेच तर नडलं.

"तिला मराठी कळतं ना," दत्ता म्हणाला. "इंग्लिशमध्ये कॉन्स्टिपेशन म्हटलं की निदान आजार वाटतो. मराठीत मला हे बाईमाणसासमोर बोलता येणार नाही."

म्हणून हा गृहस्थ गाडी काढून थेट बाब अल बहरीनच्या बाजारात गेला, ओळखीचं कुत्रंही भेटणार नाही अशा दुकानात. तिथला माणूस औषध कसं घ्यायचं ते सांगायला लागला, तर "खलास, खलास, आय नो" म्हणून याने बाटली खिशात घातली. लिफ्टमध्ये शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून खोकं बाजारातच फेकून दिलं. खोक्याबरोबर माहितीचा कागद गेला आणि मापाचं टोपणही गेलं.

मग जेवणानंतर त्याने सरळ आमटीचा डाव उचलला. औषध गोड आणि चिकट, एक डाव भरून घेतलं. सकाळी काही नाही. "फेल्युअर," तो म्हणाला आणि आणखी एक डाव. संध्याकाळी तिसरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बुधवारी सासूबाईंनी मिरजेहून गुडघ्याला चोळायला पाठवलेलं एरंडेलही पोटात गेलं. मी ओरडले, "दोन जुलाब एकत्र घेऊ नकोस रे."

"हे औषध नाही, तेल आहे," असं उत्तर मिळालं. या माणसाला कंपनी पगार देते, कसला ते देवाला ठाऊक.

गुरुवार उजाडला, म्हणजे हजारावा दिवस, आणि पोटातलं सगळं एकदम कामाला लागलं. पाच वेळा तर घरीच. मी विनवण्या केल्या, जाऊ नकोस, निदान मीठ-साखरेचं पाणी पी. पाणी प्यायलो तर पुन्हा जावं लागेल, म्हणून त्याने थेंबही घेतला नाही. इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

पुढचं मला पांडुरंगने सांगितलं. पांडुरंग त्यांच्या यार्डातला फिटर, साताऱ्याकडचा, पन्नाशीचा माणूस. मंडपात मोठे साहेब येऊन बसले होते, फुलं तयार होती आणि दत्ता टॉयलेटच्या दिशेने निघाला. यार्डातून टॉयलेट दहा मिनिटांवर. अर्ध्या वाटेत तो उन्हात आडवा झाला. पांडुरंगने खांद्यावर टाकून फर्स्ट एडच्या खोलीत नेलं, तिथे दोन सलाईन चढल्या.

संध्याकाळी त्याचे मॅनेजर हारूनभाई यांचा फोन आला. "दत्ता, ये पर्सनल मॅटर है. बोर्ड को मत छेडो. शील्ड मेरे टेबल पे रखा है."

दत्ता पलंगावर पडूनच होता. कामाच्या जागी माणूस पडला की कारण काहीही असो, आकडा शून्य, हा नियम त्यानेच लिहिला होता. मला वाटलं, गप्प बसेल. मी गप्प बसले असते, खोटं कशाला सांगू. पण त्याने लॅपटॉप मागवला आणि अपघाताच्या रिपोर्टात सगळं लिहिलं. माहिती न विचारता औषध घेतलं. मापाऐवजी डाव वापरला. परिणामाची वाट पाहिली नाही. दुसरं औषध मिसळलं. पाणी प्यायलं नाही. मला त्याचा इतका राग आला होता आणि तरीही डोळे भरून आले.

बोर्डावर शून्य आलं. खुर्ची दुसऱ्याला गेली. कंपनीची पद्धत अशी की प्रत्येक अपघाताचा रिपोर्ट सगळ्या साइटवर मोठ्याने वाचायचा. तर आमटीचा डाव हिंदी, मल्याळम आणि बंगालीतून वाचला गेला. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी मला फोन करून तब्येत विचारली, हसू दाबत.

पुढच्या शुक्रवारी दुपारी पांडुरंग दारात उभा. चप्पल बाहेर काढून, मान खाली घालून म्हणाला, "सायेब, तुमी कागदावर लिवलं म्हनून इचारतो. ते औषध कितीक घ्यायचं? मला आठ दिस झाले."

दत्ता त्याला घेऊन खाली अल्फियाकडे गेला, मीही मागोमाग. यावेळी दत्ताने मराठीतच विचारलं. अल्फियाने आधी पांडुरंगला विचारलं, पोटात दुखतं का, उलटी होते का, रक्त पडतं का, दुसरी कुठली गोळी चालू आहे का. तसं काही असेल तर औषध नाही, आधी डॉक्टर. नाही म्हटल्यावर तिने मापाच्या टोपणावरची खूण बोटाने दाखवली. एवढंच घ्यायचं. परिणामाला दोन दिवसही लागतात, तोवर वाढवायचं नाही, आणि तरीही पोट साफ झालं नाही तर डॉक्टरकडे. दिवसभर पाणी भरपूर.

"पान्याचंच अवघड हाय, ताई," पांडुरंग म्हणाला. "टॉयलेट लांब. सारखं गेलं की फोरमन नाव लिवतो. आमी यार्डातले समदेच पानी कमी पितो. समद्यांची पोटं अशीच."

दत्ता त्याच्याकडे वळला. "तीन वर्षं रोज विचारतोय मी, काही अडचण आहे का म्हणून. एकानेही कधी सांगितलं नाही?"

"कसं सांगनार, सायेब," पांडुरंग अदबीने म्हणाला. "तुमचा बोर्ड खराब झाला असता."