तारवाल्याची घंटी

"घंटी काढ," पान्हा हातात घेऊन दुलीचंद म्हणाला. "आधा पाव वजन हाय तिचं. मागच्या साली कितीनं हारला बे तू? एका चाकानं. तो चाक याच घंटीनं खाल्ला."

प्रेमलाल फुंडेनं घंटी तळव्याखाली झाकली. दुलीचंदच्या सायकलदुकानासमोर कडुलिंबाखाली त्याची घरची सायकल उलटी टेकवलेली होती. मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर, स्टँड, सगळं उतरवून गोणपाटावर मांडलेलं. शर्यतीच्या आदल्या दिवशी दुलीचंद दरवर्षी सायकलची अशी हजामत करायचा आणि दरवर्षी घंटीपाशी येऊन अडायचा, कारण घंटीला हात लावू द्यायला प्रेमलाल तयार नसायचा.

त्याला कारण होतं. प्रेमलाल बालाघाटच्या तारघरात तारवाला होता. सोळा वर्षं लाल सरकारी सायकलवरून तो तारा वाटत होता, आणि त्या काळात तार म्हटली की लोकांना आधी मरणच आठवायचं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यानं पाहिलं, की आपण गल्लीत वळलो की बायका तोंडाला पदर लावतात, आणि निम्म्या वेळा तार असते 'मुलगा झाला' नाहीतर 'सोमवारी पोचतो' अशी. मग त्यानं स्वतःचा एक कायदा केला. तारेतला मजकूर तारबाबूकडून त्याला आधीच कळलेला असे. तार आनंदाची असली की गल्लीच्या तोंडापासून घंटी वाजवत जायचं, वाईट असली की घंटीला बोट लावायचं नाही. सरकारी नियमात हे कुठं बसत नव्हतं, पण बघता बघता साऱ्या बालाघाटला आणि आसपासच्या खेड्यांना हा कायदा पाठ झाला. घंटी ऐकली की लोक हसत बाहेर यायचे. लाल सायकल मुकी आली की ती कोणाच्या दारी थांबते ते बघत सगळी गल्ली उभी राहायची. म्हणून घरच्या सायकलवरही, शर्यतीतसुद्धा, वस्ती आली की तो घंटी वाजवत जायचा.

असा माणूस वर्षातून एकदा शर्यतीत का उतरतो, हे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यालाही ते धड सांगता आलं नसतं. एवढं मात्र खरं, की वर्षाचे बाकी दिवस तो जोरात येताना दिसला की लोक धास्तावत, आणि मे महिन्यातल्या त्या एका रविवारी तो जितका जोरात येई तितके लोक टाळ्या पिटत. त्या टाळ्यांसाठी तो एप्रिलभर पहाटे उठून घाम गाळायचा. सोबत पाच-सात जण असत. शाळेचे ड्रॉइंग मास्तर, वकिलाचा एक कारकून, भरवेलीच्या मॅंगनीज खाणीतले दोघं-तिघं. पंधरा-वीस मैल मारून झाले की वैनगंगेत डुंबायचं आणि मग दुलीचंदच्या दुकानापुढं बेलाचं सरबत पीत तास-तास फुशारक्या मारायच्या. ऊन चढून रस्त्यावरचं डांबर मऊ पडायचं तरी मंडळी हलायची नाहीत. गोदाबाईला, म्हणजे प्रेमलालच्या बायकोला, या मंडळींसाठी उन्हाळाभर कैऱ्या उकडाव्या लागत. ती कुरकुर करायची आणि पन्हं मात्र हंडाभर करायची.

शर्यत होती बालाघाटपासून बाघ नदीपर्यंत आणि परत, बत्तीस मैल. मधे राज्यांची वाटणी झाली. गोंदिया महाराष्ट्रात गेलं, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं, बाघ नदी मधली शीव झाली. शर्यत तेवढी तशीच चालू राहिली. पण गेली चार वर्षं जिंकत होता गोंदियाच्या राइस मिलमधला हिरालाल, आणि चारही वर्षं दुसरा येत होता प्रेमलाल. विजेत्याची ढाल दरसाल नदीपलीकडं जायची आणि ती आपल्या घरातून गेल्यासारखं बालाघाटला दुःख व्हायचं. त्यात कमिटीनं नवा नियम काढला होता, पुढल्या वर्षापासून चाळिशीच्या आतलेच स्पर्धक घ्यायचे. प्रेमलालला दिवाळीत चाळीस वर्षं पुरी होत होती. म्हणजे १९६३ चा हा उन्हाळा त्याचा शेवटचा.

"काढ," शेवटी तो म्हणाला आणि दुसरीकडं बघू लागला.

सकाळी निघताना गोदाबाईचं लक्ष हँडलकडं गेलं. "घंटी कुठी गेली जी?"

"काढली."

"काहून?"

"औंदा जिंकाचं हाय मले."

ऊन लागू नये म्हणून एक कांदा गोदाबाईनं त्याच्या खाकी हाफपँटच्या खिशात घातला आणि वरून खिसा दाबून पाहिला.

शर्यत सहाची होती. उद्घाटनाचे पाहुणे आठला उगवले आणि त्यांनी व्यायामाच्या महत्त्वावर वीस मिनिटं घेतली, तोवर बावीस सायकलस्वार उन्हात भाजून निघाले. शिट्टी वाजली तेव्हा सुटका झाल्यासारखे सगळे सुटले. नऊ मैलांवरच्या बोरटोल्यापर्यंत घोळका एकत्रच होता. तिथं शाळेच्या ओसरीवर घनश्याम गुरुजी मनगटावरचं घड्याळ समोर धरून कोण किती वाजता गेलं ते टिपत बसले होते. घड्याळाच्या बाबतीत गुरुजी मोठे कडक. रेडिओवरच्या वेळेशी मेळ घातल्याशिवाय ते जेवायला बसत नसत.

शाळेनंतरचं चौथं घर चंपाबाईचं. त्या घराकडं प्रेमलालनं नेहमीप्रमाणं बघितलं. दार बंद होतं. गेल्या नोव्हेंबरात चीनच्या लढाईतली तार घेऊन तोच तिथं गेला होता, मुक्या सायकलवरून. गावाबाहेरच्या तारा एरवी दुसऱ्या दिवशीच्या टपालात जात, पण फौजेची तार पोस्टमास्तर तारवाल्याच्याच हाती देत. चंपाबाईचा एकुलता एक खेमराज बेपत्ता, एवढंच तारेत होतं. मेला असं नव्हतं आणि जिवंत आहे असंही नव्हतं. तेव्हापासून चंपाबाई आणि तिची सून दुसऱ्या तारेची वाट बघत होत्या. आणि ती येऊ नये म्हणूनही देवाला हात जोडत होत्या.

बाघ नदीच्या काठी वळसा घेताना हिरालाल पुढं होता. परतीच्या दुसऱ्या मैलाला प्रेमलालनं त्याला गाठलं, तिसऱ्याला मागं टाकलं. पाय जणू त्याचे नव्हतेच, कोणी विशीतल्या गड्यानं उसने दिलेले होते. मागं वळून पाहिलं तर हिरालाल चांगला दोन फर्लांग मागं पडलेला. चार वर्षांत प्रेमलालनं स्वतःच्या पुढं मोकळा रस्ता पहिल्यांदाच पाहिला. त्याला हसू आलं. उन्हाच्या झळा तोंडावर येत होत्या आणि तो एकटाच हसत चालला होता.

बोरटोल्यात तो शिरला तेव्हा चंपाबाई आणि सून नुकत्याच जंगलातून विडीचा तेंदूपत्ता तोडून आल्या होत्या. अंगणात बसून पन्नास-पन्नास पानांचे पुडे बांधणं चाललं होतं. पहाटे अंधारात गेलेल्या त्या दोघींना शर्यतीचा पत्ता नव्हता. चंपाबाईनं मान वर केली तर रस्त्यानं तारवाला येत होता. एकटा, खाकीतला, कधी नाही इतक्या वेगानं. आणि घंटी नव्हती.

प्रेमलाल घरावरून पुढं गेला आणि मागून हंबरडा ऐकू आला.

तो आवाज बालाघाट जिल्ह्यात त्याच्याइतका कोणाला ओळखीचा नव्हता. सोळा वर्षं तो त्या आवाजाच्या अगदी समोर उभा राहत आला होता. पण आजवर तो त्यानं उगाच कधी उठवला नव्हता. तीस-चाळीस हात पुढं जाईतो त्याचे पाय फिरत राहिले. गुरुजी ओसरीवर आहेत, ते समजावतील, असंही एक मन म्हणालं. मग त्यानं ब्रेक दाबले आणि सायकल वळवली.

चंपाबाई रस्त्यातच बसली होती. सून दारात उभी राहून दोन्ही हातांतल्या बांगड्यांकडं बघत होती.

"माय, तार नाही आणली मी," प्रेमलाल सायकल टाकून तिच्यापुढं बसला. "शर्यत हाय आज. सायकलची शर्यत."

"खोटं नको बोलू बाबू. तुयी घंटी नाही वाजली."

"घंटीच नाही माय सायकलीले. पाह्य ना. काढून ठेवली."

"खिशात काय हाय मंग तुया?"

प्रेमलालनं खिसा उलटा केला. गोदाबाईनं घातलेला कांदा धुळीत पडला आणि घरंगळत चंपाबाईच्या पायाशी गेला. ती त्या कांद्याकडं बघत राहिली. उचलून तिनं तो हातात घेतला, दाबून पाहिला, आणि मग कुठं तिच्या जिवात जीव आला. त्याच वेळी खाली मान घालून हिरालाल बाजूनं निघून गेला. त्याच्यामागून आणखी एक गेला.

"जा ना बाबू तू," चंपाबाई म्हणाली. "तुयी शर्यत हाय ना."

"जातो. तू पाणी पे आधी."

ती पाणी प्यायली, सून आत जाऊन दोन घोट प्यायली, आणि गुरुजी धापा टाकत येऊन पोचले, तेव्हा तो निघाला. नऊ मैल त्यानं जिवाच्या करारावर सायकल हाणली आणि तिसऱ्याचा चौथा झाला नाही, एवढंच मिळवलं.

"चेन उतरली काय रे?" हिरालालनं ढालीशेजारी उभं राहून विचारलं. प्रेमलाल म्हणाला, "नाही. घंटी नव्हती." हिरालालला त्यातलं काही समजलं नाही.

दुलीचंद आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी आला तो पान्हा घेऊनच. "जित के आता था तू," घंटी बसवता बसवता तो स्वतःशीच पुटपुटला. "मीच काढ म्हनलं. मलेच अक्कल नाही." गोदाबाईनं त्याला पन्हं दिलं. नवऱ्याला ती इतकंच म्हणाली, की चार वेळा दुसरा आलात तेव्हा मी मैतरणींना सांगत नव्हती, औंदाचं मात्र सगळ्यांना सांगितलं.

मेच्या शेवटी नवतपा लागला, वर्षातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसेना. त्यातल्या तिसऱ्या दिवशी तारबाबूनं कागद लिहून घेतला, पुन्हा वाचला आणि प्रेमलालला खुणेनं बोलावलं. खेमराज चीनच्या कैदेतून सुटून परत आला होता. दवाखान्यात होता, प्रकृती ठीक, पत्र मागाहून.

"अरे, संध्याकाळी जा," पोस्टमास्तर चिंतामणराव म्हणाले. "चांगली बातमी आहे, चार तासांनी नासणार नाही. मरशील उन्हात."

"सहा महिने झाले साहेब तिले," प्रेमलाल म्हणाला, आणि त्यानं तार चामडी पिशवीत घातली.

तारघराच्या भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. तारघराची लाल सायकल म्हणजे लोखंडाचा गाडा. मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर, सगळं जागच्या जागी. डोक्याला ओला गमछा बांधून तो निघाला. रस्त्यात टाळ्या पिटायला कोणी नव्हतं. आंब्यांच्या सावलीत बसलेल्या म्हशी तेवढ्या त्याच्याकडं बघत होत्या. भरवेलीचे गडी नाहीत, हिरालाल नाही, कमिटी नाही. मागं कोणी नाही म्हणून तो एकदाही वळून बघत नव्हता. आपले पाय अजून आहेत, एवढं त्याला आतून कळत होतं, आणि त्याचा त्याला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. ते उन्हानं लगेच वाळलंही.

बोरटोला अर्धा मैल राहिला आणि त्यानं अंगठा घंटीवर ठेवला. तो पुन्हा उचललाच नाही.

दारं उघडत गेली. शाळेच्या ओसरीवर गुरुजी जेवणावरून उठून आले, उष्ट्या हातानं. चंपाबाई रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली होती. तिला सांगायचं काही उरलंच नव्हतं. तरी त्यानं तार फोडून गुरुजींकडून मोठ्यांदा वाचून घेतली, कारण तो नियम होता. सुनेनं ऐकलं आणि ती हसत हसत रडायला लागली. पावतीवर चंपाबाईनं अंगठा दिला. गुरुजींनी हात धुतला, साक्षीला सही केली, मनगटावरच्या घड्याळात बघून वेळ घातली, पावतीवरची निघाल्याची वेळ वाचली आणि प्रेमलालकडं जरा निरखून बघितलं.

तो परतला तो उन्हं कलल्यावर, चंपाबाईच्या घरचा दूध-भात खाऊन. चिंतामणरावांनी पावती हातात घेतली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बारा पाचला निघालास. इथं बारा बत्तीस लिहिलंय, म्हणजे सत्तावीस मिनिटं. नऊ मैल. शर्यतीत जाताना सगळ्यांना एकोणतीस मिनिटं लागली होती, पेपरात आलं होतं. गुरुजींचं घड्याळ पुढं असेल. दुरुस्त करून टाक, वर साहेब विचारतात अशा गोष्टी."

त्यांनी टाक पुढं केला. सोळा वर्षांत साहेबांचा शब्द प्रेमलालनं कधी मोडला नव्हता. त्यानं टाक घेतला आणि तसाच परत दौतीत ठेवला.

"वेळ बरोबर हाय, साहेब."

चिंतामणरावांनी त्याच्याकडं पाहिलं. खाकी सदऱ्यावर घामाच्या मिठाचे पांढरे डाग वाळले होते, ओठ फुटले होते, आणि माणूस ताठ उभा होता. त्यांनी पुन्हा पावतीकडं पाहिलं, खाली आपली सही केली आणि टेबलावरच्या खिळ्यात, त्या दिवसाच्या बाकी पावत्यांवर, ती टोचून ठेवली.