बिनचिरीचं बोंड

“आई, मूठ उघड बघू.”

“काही नाही रे. तुझं आपलं उगाच!” सातीआजीने मूठ आणखी घट्ट केली.

पण बोटांवर पांढरा चीक चकाकत होता, आणि सरकारी तपासनीस बांधावर येऊन ठेपला होता. तिचा मुलगा युनूस तिच्यापुढे आडवा उभा राहिला.

तुर्कस्तानात, अफ्योनकडच्या या गावात, मध्यंतरी बंद केलेलं अफूचं पीक सरकारने यंदा पुन्हा लावू दिलं होतं. अट एकच: बोंडाला चीर देऊन अफूचा चीक काढायचा नाही. बोंडं वाळली की खसखस घरात ठेवायची, टरफलं सरकारला घालायची. त्यांतलं औषध कारखान्यात काढतील. एक जरी चिरलेलं बोंड सापडलं, तर परवाना गेलाच म्हणायचा. आणि सातीआजी म्हणजे चीर देण्यात पंचक्रोशीत पहिला हात! हिला घरातच कोंडायला हवं होतं, असं युनूसला वाटलं.

“मावशी, हातात काय?” तपासनिसाने विचारलं.

आजीने मूठ उघडली. हिरव्या बोंडाच्या पोटाभोवती टाचणीची बारीक रेघ होती, तिच्यावर चिकाचे थेंब.

“मीच केलं, पोराचा दोष नाही. नुसतं बघायचं होतं, इतक्या दिवसांनी चीक तसाच येतो का.”

“मग?”

“येतो की! मेला विसरला नाही.” तिला हसू आलं. “पण साहेब, वाळल्या टरफलात असतं काय हो? आम्ही त्यानं चूल पेटवायचो.”

“असतं, मावशी. यंत्र काढतं.”

“चीर न देता?”

“चीर न देता.”

तपासनीस बोंडाकडे बघत राहिला. चीक तो पहिल्यांदाच पाहत होता. मग त्याने ते बोंड टाचेखाली चिरडलं.

“यापुढे मावशी शेतात दिसली, तर परवाना रद्द,” तो युनूसला म्हणाला.

तेव्हापासून आजी बांधावरच बसायची, हात मांडीखाली घेऊन.

“काय गं, हात उबवतेस होय?” शेजारची दोंदू विचारायची.

“हो बाई. आता अंडी उबवण्यापुरतेच उरलेत.”

बोंडं वाळली, तशी युनूसने पहिली पाटी अंगणात तिच्यापुढे ओतली. “घे आई. आता तुला कोणी काही म्हणायचं नाही.”

आजीने एक बोंड कानाशी हलवून पाहिलं. मग जिथे चीर द्यायची, तिथून अंगठा फिरवला. सगळं गुळगुळीत होतं. तिला फार वाईट वाटलं. बोंड फोडून तिने खसखस परातीत झटकली. टरफल घेऊन हात सवयीने चुलीकडे गेला, अर्ध्यावर थांबला, आणि मग सरकारच्या पोत्याकडे वळला.