चढावरची तोंडी परीक्षा

शिंपीमास्तरांनी चरातला मोठा दगड कुदळीने उचकटला, कडेला लोटला आणि कोणी बघायच्या आत भलाथोरला श्वास घेऊन टाकला. चोरून श्वास घ्यायची कला त्यांना अलीकडे चांगलीच साधली होती.

डोंगरातल्या पायवाटेवरून पावसाचं पाणी आडवं काढून द्यायला ही मंडळी दर रविवारी चर खणत. सगळी हौसेची हमाली. हृदयाच्या दुखण्यातून उठल्यावर डॉक्टरांनी ‘चालत राहा’ म्हटलं, ते मास्तरांनी असं मनावर घेतलं की दुकानात मशीन थांबलं तरी खालचे पाय थांबत नसत. पोट मात्र हट्टी गिऱ्हाइकासारखं अडून बसलं होतं. आत्ता कुठे पट्ट्याचं एक भोक मागे हटलं होतं.

आज निकाल होता. पुढच्या आठवड्यात मंडळी पाठीवर तंबू-शिधा घेऊन चार दिवसांच्या चालीवर निघणार होती. कोणाला न्यायचं हे ठरवायची, मंडळींच्या म्होरक्या बाईंची तऱ्हा एकच: पाठीवर भरलेली सॅक, समोर चढ आणि गप्पा. बोलता बोलता ज्याचं वाक्य तुटलं, तो घरी. बाई भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण तोंडी परीक्षेची खोड काही गेली नव्हती.

“चला मास्तर. सॅक जड वाटतेय?”

“नाही.”

“गुडघे?”

“बरे.”

“तार करताय का मला?”

मागून मास्तरांची बायको आली. ती येई कामाला म्हणून, पण घमेलं रिकामं आणि नजर नवऱ्याच्या पाठीवर.

“घरीही हे असंच बोलतात, बाई. पण आज दम लागलाय. ओठ बघा त्यांचे. नका नेऊ.”

“अगं, तू गप्प बस ना जरा!”

“बघा, चिडले की कसे धापा टाकतात.”

बाई चालायच्या थांबल्या नाहीत. “मग एक लांबलचक उत्तर द्या, मास्तर. एवढं कशाला जायचंय तुम्हाला?”

मास्तरांनी सॅकचे पट्टे आवळले. मग वाटेकडे बघत, एका लयीत म्हणाले,

“रात्री मी कूस बदलली की ही उठून बसते. मी जागा असतो, पण सांगत नाही. न्हाणीघराला कडी लावू देत नाही, जिना चढलो की खाली कान लावून उभी. दवाखान्यातून आल्यापासून ही सलग झोपलेली मी पाहिलेली नाही. मी समोर असलो की ही जागी राहणार. म्हटलं, चार दिवस दिसूच नये हिला. झोपेल तरी.”

चढ संपला. वाक्य कुठेच तुटलं नव्हतं.

“या तुम्ही,” बाई म्हणाल्या आणि पुढच्या चराकडे निघून गेल्या.

मास्तर वळले. बायको बरीच खाली, वाटेकडेच्या दगडावर बसली होती.

“येते मी,” ती म्हणाली. “तुम्ही व्हा पुढे.”

मास्तरांनी सॅक उतरवली आणि वळणापलीकडचा चर उकरायला घेतला. मागून हाक येईना. ‘पाणी प्या’ नाही, ‘सावलीत या’ नाही. दोन घाव घालून त्यांनी कान टवकारले. पुन्हा घाव घातले, पुन्हा थांबले. शेवटी कुदळ तिथेच टाकून ते झपाझप खाली उतरले.

ती त्याच दगडावर, मागच्या झाडाला टेकून, तोंड किंचित उघडं टाकून झोपली होती.

मास्तर दबक्या पावलांनी जवळ गेले, वाकले, आणि तिचा स्वेटर वरखाली होतोय ना, ते बघत उभे राहिले.