सव्वा दहा फूट

मी माप घ्यायचा टेप बोलतोय. सोळा फूट लांब पोलादी जीभ आहे माझी आणि ती आजवर एकदाही खोटं बोललेली नाही. माझ्या मालकाबद्दल असं म्हणता येणार नाही.

१९९३ साली गुरुपाद मास्तरांनी मला कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातून आणलं. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. दर खंडेनवमीला ते मला पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचे, पाया पडायचे. पण मी सांगितलेलं माप जसंच्या तसं कधी लिहायचे नाहीत. शेजारीपाजारीही तसलेच. पडद्याचं माप मला घ्यायला लावायचे आणि वर म्हणायचे, "सैल धरा थोडं." मग मला ओढायचं कशाला? स्वतःची वीत होती की.

१९९८ साली मास्तरांच्या बायकोनं, निर्मलाबाईनं, पुढच्या खोलीत मिरची कांडायचे डंक बसवायचं ठरवलं. वीस वर्षं ती दर उन्हाळ्यात मिरची घेऊन दुसऱ्याच्या डंकावर रांगेत उभी राहिली होती. पाडव्यापासून चटणीचा हंगाम धरायचा, असं तिनं गल्लीतल्या बायकांना सांगूनही ठेवलं होतं. पाच डंक एकाच लोखंडी सांगाड्यावर बसणार होते, म्हणून खोलीचा नकाशा हवा होता.

मागच्या भिंतीचं माप घेताना माझं एक टोक निर्मलाबाईनं अंगठ्यानं दाबून धरलं. मी दहा फूट सांगितलं.

"दहाच हाय की," ती म्हणाली.

"दहा लिव्हायचं नसतंय," मास्तर म्हणाले. "शुभ कामाला सव्वा धरायचं."

"अवो, भिंत काय वाढणार हाय व्हय?"

"नकाशातलं तुला कळतंय का मला?"

नारळावर सव्वा रुपया ठेवावा तसे त्यांनी भिंतीला तीन इंच वाढवून दिले. मग आलेखाच्या कागदावर, एका फुटाला एक सेंटिमीटर धरून, नकाशा काढला. वर 'श्री', दाराला सुबक कमान, अक्षर मोत्यासारखं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

शिरोली एमआयडीसीतल्या आकारामनं सांगाडा केला. माझ्यासारखाच एक टेप त्याच्या कमरेला कायम असतो, पण खोलीवर येऊन भिंत मोजायची तसदी त्यानं घेतली नाही. मास्तरांचा नकाशा, त्यात काय बघायचं? कागदावरच्या सव्वा दहा फुटांतून त्यानं बसवायला एक इंच मोकळा सोडला, एवढीच काय ती अक्कल चालवली.

पाडव्याच्या आठ दिवस आधी टेम्पोतून सांगाडा आला. चौघांनी तो आत नेला आणि तो भिंतीला बसेना. तिरपा ठेवला तर दार उघडेना. भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळं तासताही येईना. बाहेर गल्लीतल्या बायका बघत होत्या. मास्तरांनी मला हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि जाहीर केलं, "टेपच लांबलाय." पोलाद लांबलं म्हणे! आणि मला कोपऱ्यात भिरकावलं.

सांगाडा परत गेला. तो कापून यायला अक्षय्य तृतीया उलटली. तोवर बायका दुसरीकडे जाऊन चटणी करून आल्या. निर्मलाबाईसुद्धा गेली, तिथंच, त्याच रांगेत. "तुमचा डंक कवा सुरू?" असं रांगेत कुणीतरी विचारलं. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा मास्तर पेपर वाचत होते. मला त्या माणसाची किळस आली.

आता २००६ साल आहे. डंक चालतात. मी त्यांच्या शेजारच्या खिळ्याला असतो. तिखटाच्या धुळीनं माझी जीभ अडकते, हातानं आत ढकलावी लागते. गेल्या महिन्यात शेवयांच्या मशिनीसाठी मागची खोली मोजली. मी नऊ फूट सात इंच सांगितलं. मास्तर म्हणाले, "सव्वा..."

निर्मलाबाईनं त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "मागल्या टायमाला सव्वा धरलतं की," एवढंच म्हणाली आणि नऊ फूट सात इंच लिहिलं.

खंडेनवमी जवळ आली आहे. मास्तर कुंकू घेऊन येतीलच. मास्तर, ते कुंकू ठेवा तुमच्याकडं आणि बाईची पेन्सिल तेवढी परत मागू नका.