डल्सीची डावी बाजू

मिनयुला गावच्या दफनभूमीत कबरी खणायचं आणि गवत कापायचं काम माझ्याकडे आहे. आपली जागा बघायला लोक येतात तेव्हा बहुतेक जण आवाज खाली आणून बोलतात. क्लॅरी टकवेल मात्र खांद्यावर कुदळ टाकून आला आणि म्हणाला, "वॉली, माझी कबर कुठली ते दाखव. मला खणायचीय."

ते काम माझं आहे आणि घाईही काही नाही, असं मी त्याला सांगितलं.

पण त्याला कबर नव्हे, त्या जागेवर बाग खणायची होती. त्याची बायको डल्सी आदल्या हिवाळ्यात वारली. तिच्या डाव्या हाताची जागा क्लॅरीने स्वतःसाठी राखली होती, कारण लग्न झाल्यापासून तो तिच्या डावीकडेच झोपत आला होता. उजव्या हाताची जागा व्हर्नाची, म्हणजे डल्सीच्या बहिणीची. व्हर्नाने लग्न केलं नाही. गावच्या पोस्टात खिडकीमागे उभं राहून तिने जन्म काढला, आणि मेहुण्याबद्दलचं तिचं मत तिकीट घ्यायला येणाऱ्या सगळ्यांना पाठ होतं. मध्ये डल्सी आणि दोन बाजूंना हे दोघे. जेवणाच्या टेबलाशीही ते असेच बसायचे.

क्लॅरी दर रविवारी डल्सीला विकतची फुलं आणायचा आणि दुपारच्या उन्हात त्यांचा पाचोळा व्हायचा. मग त्याने प्लॅस्टिकची आणली. ती वाऱ्याने पलीकडच्या रानात गेली आणि तिथल्या मेंढ्यांनी चघळली. तेव्हा व्हर्नाने त्याला सुनावलं की इथल्या मातीतली झाडं लाव, एकदा रुजली की दरवर्षी मुळातून फुटणारी. आणि अशी निवडून लाव की एक सरली की दुसरी फुलेल, बारा महिन्यांत डल्सीशेजारी काही फुललेलं नाही असं होता कामा नये. मधमाश्यांनाही बारा महिने पोट असतं.

क्लॅरीने सगळं आयुष्य कुंपणं घालण्यात घालवलेलं. त्याने खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि एका रेषेत सारख्या अंतरावर रोपं लावली. व्हर्ना आली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"ही बाग आहे, क्लॅरी. इथून मेंढ्या पळणार नाहीयेत."

तिने सगळी रोपं उपटली आणि एकेका जातीचा पुंजका करून पुन्हा लावली. माशीला लांबून दिसलं पाहिजे, एकेका फुलासाठी ती गावभर हिंडत नाही, असं तिचं म्हणणं. क्लॅरीने सुतळी गुंडाळून खिशात घातली आणि पुढचा आठवडाभर तो फक्त पाणी घालायला आला.

बाग मात्र लागली. हिवाळ्यात कोरिया नावाच्या झुडपाच्या लाल घंटा लोंबायच्या. थंडी सरताना मुरनाँगची पिवळी फुलं उघडायची. वसंतात चॉकलेट लिली, आणि तिचा वास खरंच चॉकलेटचा, त्यामुळे शेजारची कबर खणताना मला सारखी भूक लागायची. उन्हाळ्यात कागदासारख्या कुरकुरीत पाकळ्यांची फुलं आणि 'निळा सैतान' नावाचं ते काटेरी झाड. पाद्रीबाबांनी एकदा त्याचं नाव विचारलं आणि क्लॅरीने ते सांगितलं. पवित्र भूमीत असं नाव बरं नव्हे, असं ते म्हणाले. त्यावर व्हर्ना म्हणाली की देवानेच केलंय ते झाड, नाव तेवढं लोकांनी ठेवलंय.

तिसऱ्या उन्हाळ्यात निळ्या पट्ट्यांच्या माश्या आल्या. या पोळं बांधत नाहीत. फुलाला मिठी मारून अशा थरथरतात की दाढ कोरायच्या यंत्रासारखा आवाज येतो आणि फुलातली पूड खाली गळते. प्रत्येक मादी मातीत आपलं वेगळं बीळ करते, पण शेजार धरून. क्लॅरी जिथे गुडघे टेकून पाणी घालायचा तिथली चिकणमाती दाबून उघडी झाली होती. नेमकी तीच त्यांना आवडली. बघता बघता क्लॅरीच्या छातीपासून पायापर्यंत सगळी जागा चाळणीसारखी झाली.

व्हर्ना त्याच्या कबरीवर पालथी पडून तासन् तास बघायची. शेजारच्या गावांतूनही माणसं यायला लागली. क्लॅरी त्यांना आपली कबर असल्यासारखी, म्हणजे आपलीच कबर, मोठ्या ऐटीत दाखवायचा.

शरद ऋतूत त्याच्या छातीत कळ आली. बेंडिगोच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं की अजून वेळ आहे, पण भरवसा ठेवू नका. इस्पितळातून तो थेट दफनभूमीत आला. व्हर्ना तिथे तण काढत होती.

"व्हर्ना, मी गेलो की वॉली इथे खणणार. मग या माश्यांचं काय?"

"खणणार नाही," व्हर्ना म्हणाली.

"मग माझं काय?"

हिवाळ्यात खणू, तेव्हा एकही माशी उडत नाही, असं मी सुचवलं. तिने सांगितलं की हिवाळ्यात त्यांची पिल्लं खाली झोपलेली असतात. तेव्हा खणणं म्हणजे उन्हाळ्यात खणण्याहून वाईट. म्हणजे मरायला योग्य असा ऋतूच उरला नव्हता.

तरी मी जाळण्याचं विचारलं. राखेला वीतभर खड्डा पुरतो. पण क्लॅरी गावच्या आग विझवणाऱ्या पथकात होता. "जन्मभर आगी विझवल्या," तो म्हणाला, "आता आपल्या पायाने आत जाऊ?" पिटकेर्न घराण्याच्या कबरींच्या रांगेत एक जागा मोकळी होती, पण ती डल्सीपासून सोळा कबरी लांब, आणि तिथून हाक मारली तर ती कधीच ओ देणार नाही असं त्याचं मत.

शेवटी त्याने घसा खाकरला आणि उजवीकडच्या जागेकडे बघितलं. तिथे नुसतं गवत होतं.

"त्याचा विचारही करू नकोस," व्हर्ना म्हणाली. "तुझं तिच्याशी लग्न झालं त्याच्या किती आधीपासून मी तिची बहीण होते."

"माश्या तू आणल्यास."

"जमीन तू दाबलीस."

त्यानंतर दोघं महिनाभर बोलले नाहीत. क्लॅरी रोज यायचा, डल्सीच्या पायथ्याशी घडीची खुर्ची टाकून बसायचा आणि जमिनीचा अंदाज घेतल्यासारखा बघायचा. माणूस खचला असेल असं मला वाटत होतं, पण तो हिशेब करत होता. एका सकाळी म्हणाला, "वॉली, आडवा खांब कधी कोणी पुरलाय का?"

मी नाही म्हटलं.

"मग मला उभा पूर. तिच्या पायथ्याशी वाटेच्या कडेला जागा आहे. खांबांची भोकं पाडायचं मोठं गिरमिट लावलं तर आत माणूस मावतो."

हे दफनभूमीच्या समितीपुढे गेलं. समितीच्या अध्यक्ष मिसेस ओस्लर यांनी नियम दोनदा वाचले. त्यांत खोली किती हवी ते होतं, पण माणूस कुठल्या दिशेला हवा ते कुठेच नव्हतं. डोकं वर की खाली, असं त्यांनी विचारलं. क्लॅरी म्हणाला, शक्यतो वर. व्हर्नाही आली होती. तिने या सूचनेला अनुमोदन दिलं आणि हात वर करून ठेवला तो समितीने विनंती करेपर्यंत खाली घेतला नाही.

माती जरा ओली झाल्यावर क्लॅरीने आपल्या जुन्या ट्रॅक्टरला पाण्याच्या टाकीखालच्या जाड खांबांसाठीचं गिरमिट जोडलं आणि स्वतःच भोक पाडलं. इतकं सरळ की ओळंबा सोडून बघितला तरी केसभर फरक नाही. मग मापाला उभं राहून बघतो म्हणाला. मी म्हटलं, मेलेल्या माणसाला माप कशाला. त्याने शिडी सोडली आणि टोपीसकट खाली उतरला. टोपीचा शेंडा काठाच्या बराच खाली गेला. मी शिडी वर ओढून घेतली, म्हणजे त्याला नीट अंग चोरून उभं राहता येईल. व्हर्ना डावीकडे तण काढत होती, पण तिचं खुरपं थांबलं होतं.

मी वाकून विचारलं, "ठीक आहे ना?"

"ठीक आहे. भोक छान झालंय."

"मग?"

"गुडघे दुखताहेत, वॉली."

तेव्हा गुडघे असणार नाहीत, असं मी सांगितलं. तो म्हणाला, ते त्याला कळतं. मग अगदी साध्या आवाजात, बाजारभाव विचारल्यासारखा, तो खालून बोलला.

"खांबाचं बरं असतं रे. त्याच्या शेजारी कोणी झोपलेलं नसतं. ती तिकडे आडवी आणि मी हा असा, दारात येऊन थांबलेला. एवढ्या वर्षांनी तिच्याकडे पाहुण्यासारखा उभा राहू?"

मी शिडी आत सोडायला घेतली, तर व्हर्ना गुडघ्यांवरची माती झटकत माझ्या शेजारी येऊन उभी. तिने भोकात बघितलं.

"क्लॅरी, वर ये."

"का?"

"ते भोक माझं आहे."

व्हर्नाने मला बाजूला सारलं, शिडी स्वतः सोडली आणि पक्की रोवली. "पोस्टात मी उभीच होते," ती म्हणाली. "मला सवय आहे, गुडघेही चांगले आहेत. तू उजवीकडे आडवा हो. पण तिला त्या कानाने ऐकू येत नव्हतं, हे आताच सांगून ठेवते."

"ठाऊक आहे मला," क्लॅरी खालून म्हणाला. "टेबलाशी तू त्याच बाजूला बसायचीस. आमचं जमलं कसं वाटतं तुला?"

तो वर आला तेव्हा टोपीपासून बुटांपर्यंत लाल चिखलाने माखला होता. आभार मानायला त्याने तोंड उघडलं, पण व्हर्नाने त्याच्या हातात तणाची बादली दिली. आम्ही भोकावर पत्रा टाकला आणि पत्र्यावर दगड ठेवले. क्लॅरी उजवीकडच्या गवतापाशी गेला. लांबीला पावलं टाकली, रुंदीला पावलं टाकली, आणि मग खिशातून सुतळी काढली.

"इकडच्या कडेने," तो म्हणाला, "थोडी चॉकलेट लिली लावली तर..."

"एकही रोप लावायचं नाही," व्हर्ना म्हणाली. "गुडघे टेकायचे नाहीत, पाणी घालायचं नाही, जमीन उघडी ठेवायची नाही. मरायचंय ना तुला इथे?"

क्लॅरीने थोडा विचार केला आणि हो म्हणाला. मग त्याने मला विचारलं की ते गवत दर किती दिवसांनी कापतोस, आणि जरा दाट ठेवता येईल का.