धरणाच्या भिंतीची जाळी

१९७८ साली मी आणि कुतुबुद्दीन कोल्हापुरात धरणांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. जयपाल साहेब पुण्याहून एक नवी पद्धत शिकून आले होते. भिंत उभी कापली तर जो आकार दिसेल तो कागदावर काढायचा, त्याचे लहान लहान त्रिकोण पाडायचे आणि प्रत्येक कोपऱ्याला नंबर द्यायचा. मग कुठल्या त्रिकोणाचे तीन कोपरे कुठले, ते तक्त्यात लिहायचं. त्यावरून आकड्यांची भोकं पाडून कार्डं पंच होत आणि पुण्याच्या कॉम्प्युटरवर जात. पाणी भरल्यावर भिंतीत कुठं किती ताण येईल ते त्यातून कळे. साहेब मेश म्हणत, आम्ही जाळी म्हणायचो.

एक आकडा चुकला तरी सगळं परत येई. म्हणून मिळवणी दोघांनी करायची. एकानं तक्ता वाचायचा, दुसऱ्यानं नकाशावर बोट फिरवून खूण करायची. हे काम आम्ही घरी न्यायचो. माझे आकडे माझी बायको चिमणाबाई वाचायची. ती मुरगूडची, सातवी शिकलेली. भिंतीच्या पायथ्याला त्रिकोण फार बारीक असतात. ते बघून ती म्हणायची, "हितं एवढी दाटी कशाला केलीया?"

"हितं ताण जास्त येतो."

"मग भिंतच जाड बांधा की. कागद कशाला खराब करताय?"

श्रावणात ती काविळीनं गेली.

तिचे दिवस झाल्यावर मी कामावर आलो. गगनबावड्याकडच्या एका ओढ्यावर भिंत घालायची होती. साहेबांनी तिचे दोन आराखडे केले होते, एक मला दिला, एक कुतुबुद्दीनला. ज्याची जाळी पास होणार नाही त्यानं परत नकाशे गिरवायला जायचं, असं त्यांनी सांगून टाकलं. मला हे काम सोडायचं नव्हतं. घरी गेल्यावर करण्यासारखं तेवढंच माझ्याकडं उरलं होतं.

कुतुबुद्दीनचे आकडे त्याची बायको जरीना वाचायची. ऑफिसात येऊन तो सगळ्यांना सांगायचा, "काल तिनं माझ्या चुका काढल्या. वर म्हणती, निम्मा पगार मला द्या." लोक हसायचे. मी पेन्सिलीला टोक काढत बसायचो. संध्याकाळी त्याच्या गल्लीतून जाताना खिडकीतून तिचा वाचायचा आवाज यायचा. माझा रस्ता तो नव्हता, तरी मी तिकडून जायचो.

एकदा तो म्हणाला, "बाळासो, तुझं आकडंबी दे की. ती वाचंल."

"माझं मी बघतो," मी म्हणालो. मग एकट्यानंच वाचायचो आणि एकट्यानंच खूण करायचो.

पुण्याहून उत्तर आलं. त्याची जाळी पास, माझी परत. साहेबांनी मला बोलावलं.

"नंबर बरोबर आहेत. दिशा चुकली आहे. तीन कोपरे घड्याळाच्या उलट लिहायचे, नाहीतर कॉम्प्युटर क्षेत्रफळ उणे काढतो आणि थांबतो. तुम्हाला हे माहीत आहे, बाळासो. आधी कधी चुकला नाहीत."

मला माहीत होतं. पण घाटावर खांद्यावर मडकं घेऊन मी तिच्या चितेभोवती उलट्या फेऱ्या घातल्या होत्या. त्यानंतर माझा हात उलटा जात नव्हता. देवळात फिरावं तसा एकेक त्रिकोण मी सुलटा लिहून काढला होता, आणि लिहिताना ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. हे साहेबांना काय सांगणार? "चुकलं," एवढंच म्हणालो.

"सोमवारी दुरुस्त करून द्या. या वेळी मिळवणी दुसऱ्याकडून करून घ्या. ही शेवटची संधी."

रविवारी सकाळी नवीन तक्ता घेऊन मी कुतुबुद्दीनकडं गेलो. त्यानं नकाशा चटईवर पसरला.

"डाव्या हाताला त्रिकोण ठिवायचा आणि फिरायचं, मर्दा. आमच्यात काब्याभोवती असंच फिरत्यात. आब्बा हजवरनं आल्यावर अंगणात फिरून दाखवायचे. मला ह्ये शिकावंच लागलं न्हाय."

मला वाटलं, याला हेसुद्धा आपोआप मिळालं.

जरीनाभाभी तक्ता घेऊन बसल्या. स्वच्छ वाचत होत्या. तीन नंबर झाले की थांबायच्या, मी 'हं' म्हटल्याशिवाय पुढं जायच्या नाहीत. थोडं झाल्यावर मी पेन्सिल खाली ठेवली.

"भाभी, तुम्ही नको. कुतुबुद्दीनला वाचू दे."

"का वो भाऊजी? चुकलं व्हय?"

"न्हाय. बरोबर वाचताय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग तक्ता नवऱ्याच्या हातात दिला आणि आत गेल्या.

कुतुबुद्दीन घाईनं वाचत होता. दोनदा त्याला थांबवावं लागलं. तेवढ्यात आतून आवाज आला, "सव्वीस गाळला तुम्ही. पंचवीसवरनं सत्तावीसवर गेलाय."

"तू भाकरी बघ."

"भाकरी बघतीया. कानबी उघडं हायत."

त्यानं डोकं खाजवलं आणि सव्विसावा त्रिकोण वाचला. माझं बोट त्याच्या कोपऱ्यावर थांबलं होतं. त्रिकोण डाव्या हाताला ठेवून ते मी उलटं फिरवलं आणि खूण केली.

ती जाळी पुढच्या खेपेला पास झाली. साहेबांनी शाबासकी दिली, ती आता नीट आठवतही नाही. त्या रविवारी दुपारचं जेवण आठवतं. दोघं ताटावरही सव्वीसवरूनच भांडत होती. तो म्हणत होता, मी मुद्दाम गाळला, बाळासोचं ध्यान हाय का बघायला. ती म्हणत होती, तुमचं स्वतःचं ध्यान भाकरीवर होतं. मी खाली बघून जेवत होतो. असं भांडायला याला माणूस आहे, म्हणून मला त्याचा राग येत होता.

उठताना मी विचारलं, "पुढची जाळी आली तर रविवारी येऊ का?"

"या की भाऊजी," जरीनाभाभी म्हणाल्या. "पण वाचायला ह्यांनाच लावा. तेवढीच मला सुट्टी."

तो म्हणाला, "बघ, घरातबी मलाच राबवत्यात."

तो हे तक्रारीनं म्हणाला, पण तोंडभर हसत होता. मी चपला घातल्या. "येतो मग," म्हणालो आणि निघालो.