बिननावाचा वाफा

"हा पालकच ना गं?" थोरल्या जाऊबाईंनी परसातून एक कोवळं पान माझ्या खिडकीकडे उंच धरलं.

मी आत जपाला बसले होते. उजाडल्यापासून जप संपेपर्यंत मी बोलत नाही, अकरा वर्षांचा नेम. पण पान मी तिथूनही ओळखलं. पालकाच्या शेजारी माझा अरमचा वाफा आहे. अळूच्या कुळातली ही झाडं, ऐन थंडीत पानं काढतात, पालकाची सख्खी बहीण वाटावी अशी. फुलाचा मधला दांडा पिवळा निघाला तर एक जात, जांभळा निघाला तर दुसरी. म्हणून फूल येईपर्यंत मी नावाची पट्टी रोवत नाही. तो वाफा अजून बिननावाचाच होता.

आदल्या संध्याकाळी माझ्या गेल्या सालच्या अरमच्या फुलांवरून ताई पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या, "आमच्या धाकटीचं सगळं देवाचं हो! फुलं तेवढी मेल्या उंदराच्या वासाची!" सगळे हसले. मीही हसले. आणि ते सलत राहिलं.

मी मान खाली घातली, पुढचा मणी ओढला.

ताईंना तो होकार वाटला. चव बघायला त्यांनी पान तोंडात टाकलं आणि चावलं.

मग त्या नुसत्या ओरडत सुटल्या. मी माळ टाकून धावले तेव्हा त्यांची जीभ सुजायला लागली होती.

"श्वासाला धोका नाही," डॉक्टर म्हणाले, "पण दोन दिवस गार दूध, आणि बोलणं बंद. घरात कुणी सांगितलं नाही का यांना?"

"हिचं मौन असतं हो सकाळी," भावजी कौतुकानं म्हणाले. "घर पेटलं तरी बोलायची नाही!"

मी तेव्हाही खरं सांगितलं नाही, आणि तेव्हा तर नेमाची वेळ टळून गेली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी माळ न घेता त्यांच्या उशाशी जाऊन बसले.

"ताई, मी पान ओळखलं होतं."

त्यांनी दुधाची वाटी खाली ठेवली.

"चार दिवसांपूर्वी मांजर तो वाफा उकरत होती, तेव्हा जपातून ओरडले होते मी, 'जा मेले!' म्हणून. मांजरीसाठी नेम मोडला, ताई. तुमच्यासाठी नाही मोडला."

त्यांनी हात पुढे केला. माझ्या ओच्यात पेन्सिल आणि वाफ्यासाठी घेतलेली लाकडी पट्टी होती, ती घेतली. सावकाश लिहिलं: 'जप राहिलाय तुझा. ऊठ.'

बाहेर ऊन आलं होतं. पहाटेच्या हिवानं भुईसपाट झालेली अरमची पानं एकेक करून उभी राहत होती. पट्टीच्या मागच्या बाजूला मी 'खाऊ नये' असं लिहिलं आणि ती वाफ्यात रोवली.

ताईंच्या अक्षरांची बाजू माझ्या खिडकीकडे ठेवली.